नौका-इंजिनाचे रनिंग-इन

नव्या किंवा नव्याने लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) आणि पिस्टनच्या रिंगा बसवलेल्या सागरी इंजिनाचे आतले भाग एकमेकांवर नीट बसावेत, म्हणून सुरुवातीचे काही तास ते ठरावीक पद्धतीने चालवण्याला रनिंग-इन म्हणतात. हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो दुचाकी-मोटारींमुळे. ‘गाडी रनिंगला आहे’ म्हणजे हळू चालवायची, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. नौकेच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा होनिंगने, म्हणजे खरखरीत दगडाने घासून, पाडलेल्या असतात. या रेघांमध्ये तेल टिकते आणि त्यांचे उंचवटे पिस्टनच्या रिंगांबरोबर झिजून दोन्ही पृष्ठभाग जुळतात. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः ज्वलनाच्या दाबाने, स्वतःच्या ताणाने थोडीच. म्हणजे इंजिनावर भार नसेल तर रिंग बसत नाही. वर राहिलेले तेल भिंतीवरच भाजून तिला काचेसारखी चकाकी येते. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ग्लेझिंग झाले की इंजिन तेल पिऊ लागते, निळसर धूर सोडते आणि ते उघडून पुन्हा होनिंग करण्यावाचून सहसा गत्यंतर नसते. उलट, पहिल्याच तासात पूर्ण थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारा दांडा) दिला तर न जुळलेले भाग तापून ओरखडे पडतात. जपणूक आणि जबरदस्ती, दोन्ही घातकच.

मोटारीचा अनुभव इथे चालत नाही, याचे कारण पंखा, म्हणजे नौकेला पाण्यात पुढे ढकलणारा प्रॉपेलर. मोटारीत गिअर बदलून इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही भार देता येतो. पंख्याला लागणारी शक्ती मात्र फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. कमाल फेऱ्यांच्या निम्म्या गतीला कमाल शक्तीच्या आठव्या हिश्शाएवढीच शक्ती लागते. 80 टक्के फेऱ्यांना कुठे ती निम्म्यावर येते. म्हणून धक्क्याला बांधलेली होडी न्यूट्रलमध्ये फुरफुरत ठेवून ‘रनिंगचे तास भरले’ असे म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. तास मीटरवर पडतात, रिंगांवर नाही.

चार-स्ट्रोक आउटबोर्डसाठी (होडीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनासाठी) 10 तासांचा काळ नेहमी सांगितला जातो. काही पुस्तिकांनुसार पहिला तास मिनिटाला 2,000 फेऱ्यांपर्यंत, तोही गती सतत बदलत. दुसऱ्या तासात होडी पाण्यावर उचलली जाईल इतका जोर द्यायचा आणि ती उचलली की थ्रॉटल थोडा मागे घ्यायचा. उरलेले 8 तास कोणत्याही गतीला हरकत नाही, पण सलग 5 मिनिटांहून जास्त पूर्ण थ्रॉटल नको. इंजिन तेल आणि गिअर तेल साधारण 20 तासांनी पहिल्यांदा बदलतात. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने काही मॉडेलना या काळात 50 लिटरऐवजी 25 लिटर पेट्रोलला 1 लिटर तेल घालतात. तेव्हाचा जादा धूर बिघाडाचा नसतो.

आत बसवलेल्या लहान डिझेल इंजिनांना अनेकदा 50 तास धरतात. ती तापल्यावर मध्यम ते चांगल्या भाराखाली चालवावीत आणि रेंगाळत ठेवू नयेत. पहिले तेल काढताना त्यात धातूची बारीक चमक दिसते, ती अपेक्षितच. बोटाला टोचतील असे कण मात्र चिंतेचे. याच काळात आजूबाजूचे भागही बसत असतात. पंखा फिरवणारा शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडचे नवे पॅकिंग आधी जरा जास्त ठिबकते. ते एकदम आवळले तर शाफ्ट तापतो. जमिनीवर सरळ केलेली शाफ्टची रेषा होडी पाण्यात गेल्यावर बदलू शकते, म्हणून कपलिंग (इंजिन आणि शाफ्टचा सांधा) तरंगत्या होडीत फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी, पुन्हा तपासतात. थंड करणारे पाणी बाहेर पडते आहे ना, हे सुरू करताच पाहायचे, कारण पंपातले पाणी ढकलणारे रबरी चक्र (इंपेलर) कोरडे फिरले तर फार लवकर खराब होते.

रनिंग संपताना पूर्ण थ्रॉटलला इंजिन नेमलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचते का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. पोचत नसेल तर पंखा जड आहे. आउटबोर्डच्या पंख्याची पिच (एका फेरीत पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) एक इंचाने कमी केली की मिनिटाच्या फेऱ्या साधारण 150 ते 200 ने वाढतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, इंजिनांची मोठी कामे तेव्हाच होतात, आणि बंदी उठली की सगळ्यांना एकदमच दर्यात जायचे असते. हौशी नौकेला 50 तास भरायला वर्षही लागू शकते. रोज 12 तास चालणाऱ्या ट्रॉलरचे ते पाच दिवसांत होतात, म्हणजे समुद्रातल्या पहिल्याच सफरीत. त्यातही जाळे ओढताना नौका हळू आणि इंजिन मात्र पूर्ण भाराखाली असते. नव्या इंजिनाला हे ओझे एकदम नको, म्हणून पहिले काही तास जाळे न टाकता नुसती फेरी मारणे शहाणपणाचे. डिझेल महाग असल्याने नाखवाला (होडीच्या मालकाला) ते पटवणे तांडेलाला (होडी चालवणाऱ्या प्रमुखाला) सोपे जात नाही. आणि पहिल्या तेलबदलाची वेळ भर समुद्रात येते, त्यामुळे बदलायचे तेल आणि फिल्टर निघतानाच होडीत घ्यावे लागतात.