गेज वाढला की सुई बारीक

इंजेक्शनची १८ गेजची सुई बाहेरून साधारण सव्वा मिलिमीटर जाड असते, ३० गेजची जेमतेम ०.३ मिलिमीटर. आकडा चढला की जाडी उतरते. हा उलटा कारभार सुईकडे आला तो तारेकडून.

तार बनवताना धातूची सळई पोलादी पट्टीतल्या भोकातून खेचतात, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. किती वेळा खेचली, तो ढोबळमानाने तिचा गेज. म्हणजे हा आकडा मुळात लांबीचा नाहीच, मोजदादीचा आहे. कारागिराचं त्यावर भागत होतं, पण ज्याची त्याची पट्टी निराळी असल्याने गिऱ्हाइकाची पंचाईत व्हायची. ब्रिटनमध्ये १८८४ पासून एकच प्रमाण पट्टी कायद्याने लागू झाली. तिच्यात १२ गेज म्हणजे २.६४ मिलिमीटर, अमेरिकन पट्टीत मात्र २.०५. अमेरिकन पट्टी निदान गणिताने बांधलेली आहे. सहा आकडे पुढे गेलं की व्यास जवळपास निम्मा होतो. पत्र्याचा गेज तर धातूगणिक बदलतो, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

बंदुकीत हाच शब्द वजनाचा हिशेब सांगतो. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्या मिळून एक पौंड भरत असतील, तर ती १२ गेजची, म्हणजेच बारा बोअरची बंदूक. रेल्वेचा गेज त्यामानाने सरळ : दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर.

दाब मोजणारा गेज आणखी वेगळा. पंक्चर झालेल्या टायरला तो लावला तर काटा शून्यावर. आत हवा नाही असं मुळीच नाही; बाहेर आहे तेवढ्याच, म्हणजे सुमारे एक बार दाबाची हवा आतही आहे. गेजने वातावरणाच्या दाबालाच शून्य ठरवलेलं असतं.

शून्य कुठे धरायचं हे आपल्या हाती असतं, याच गोष्टीशी पुढे भौतिकशास्त्राने गाठ घातली. हर्मन वाइल या जर्मन गणितज्ञाने १९१८ मध्ये कल्पना मांडली, की लांबीची मोजपट्टी, म्हणजे गेज, अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला वेगळी निवडता यावी. त्यातून विद्युतचुंबकत्व आपोआप निघतं. आइनस्टाइनने लगेच खोट काढली. तसं असतं तर वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या दोन हायड्रोजन अणूंच्या वर्णरेषा (त्यांच्या प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेषा) जुळल्या नसत्या, आणि त्या तर सगळीकडे सारख्याच दिसतात. आक्षेप बिनतोड होता. पण १९२९ मध्ये वाइलने तेच गणित लांबीऐवजी इलेक्ट्रॉनच्या तरंगाच्या कलेला (फेज, म्हणजे तरंग आपल्या चढउतारात कुठवर आलाय ते) लावलं आणि ते चपखल बसलं. प्रत्येक बिंदूपाशी कलेचं शून्य हवं तिथे धरा. निरीक्षणं बदलू नयेत अशी अट घातली, की विद्युतचुंबकीय क्षेत्र मानावंच लागतं.

लांबीशी संबंध तिथेच संपला, नाव मात्र गेजच राहिलं. १९५४ मध्ये चेन निंग यांग आणि रॉबर्ट मिल्स यांनी ही कल्पना आणखी व्यापक केली. प्रकाशाचा फोटॉन, अणुकेंद्रातले क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉनचे घटक कण) बांधून ठेवणारे ग्लुऑन आणि काही किरणोत्सारामागच्या क्षीण बलाचे डब्ल्यू व झेड कण, या सगळ्या बलवाहक कणांना आज ‘गेज बोसॉन’ म्हणतात.