धरणाकाठी डेक बांधायचाय? आधी हद्दीचा दगड दाखवा

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला शेतघर असलेले ग्राहक आमच्या वर्कशॉपवर येतात तेव्हा मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. पाण्याला लागून लाकडी डेक, त्यावर दोन खुर्च्या, समोर मावळतीचा सूर्य. फोटो छानच असतो. पण हल्ली आम्ही आधी विचारतो, मोजणी कधी झाली होती? काहींना राग येतो, म्हणून हे पत्रक.

हा प्रश्न आम्ही एका कामात शिकलो. एका काकांनी कुंपणाकडे हात करून सांगितलं, "इथपर्यंत सगळं आपलंच." त्या शब्दावर आम्ही बारा बाय वीस फुटांचा डेक उभा केला. एमएस (साध्या पोलादी) पाइपचे तीन ओळींत नऊ खांब, वर डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या फळ्या. कागद न बघता काम घेतलं, ती चूक आमचीच. सहा महिन्यांत विनापरवानगी बांधकामाची नोटीस आली.

काका भडकले. "अहो, भिंत नाही, छप्पर नाही, नट काढले की उचलून नेता येतो. हे बांधकाम कसं?" खरं सांगायचं तर आम्हालाही तेच वाटत होतं. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार 'विकास' म्हणजे फक्त भिंती-छप्पर नव्हे. जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं कामही त्यात येतं. नट-बोल्टचा मुद्दा तिथंच निकाली निघाला.

खरा घोळ जमिनीचा होता. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं, काठची जमीन उघडी पडते, काही ठिकाणी गाळपेरही होते. ती मोकळी दिसली तरी धरणासाठी संपादित झालेली असते. मे महिन्यातली पाण्याची कड ही कुणाचीच हद्द नव्हे. मोजणीच्या दिवशी भूकरमापक (जमीन मोजणारे सरकारी कर्मचारी) आणि आमचा पोरगा बेशरमाच्या झुडपांत शिरले. कोयत्यानं फांद्या तोडल्यावर मातीत कललेला हद्दीचा दगड सापडला, कुंपणाच्या चार हात आत. पुढच्या ओळीतले तीन खांब दगडापलीकडे सरकारी जमिनीत होते. काका बराच वेळ दगडाकडे बघत राहिले. म्हणाले, "आठ वर्षं इथूनच तर फिरतोय मी."

ते तीन खांब कापले. त्यावर वाद घालण्यात अर्थच नव्हता. उरलेला भाग स्वतःच्या जमिनीत असल्यानं तो कायम ठेवण्यासाठी नोटिशीच्या मुदतीतच अर्ज केला. तेव्हा नोटीस आली तर रागावण्याआधी मुदत वाचा. परवानगी नाकारली गेली तर त्याच अधिनियमाच्या कलम 47 खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं. काकांवर ती वेळ आली नाही. डेक आता सहा फुटांचा उरलाय. दोन खुर्च्या मावतात, पण टीपॉय ठेवला की जायला वाट राहत नाही.

जागा शेती विभागात असेल तर शेतघरासाठी किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. डेक घराच्या नकाशातच दाखवा. नंतर जोडायला गेलं की त्रास दुप्पट.

शहरात गोदाकाठी प्लॉट असेल तर प्रश्न पूररेषांचा. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे बाग, लॉन, पार्किंग असे मोकळे वापर चालतात. तिथे खांब रोवून डेक 'बागेत' बसवायचं काम आम्ही घेत नाही. निळ्या-लाल रेषांमधे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट उंच. "आमच्याकडे कधी पाणी येत नाही," असं सांगणाऱ्यांना आम्ही सप्टेंबर 2008 चा पूर आठवायला सांगतो. गोदावरीच्या पुराची खूण मानला जाणारा दुतोंड्या मारुती पाहत मोठे झालेले नाशिककर मग फार वाद घालत नाहीत.

येताना चालू सातबारा, मोजणी नकाशाची 'क' प्रत, झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते त्याचा) आणि मंजूर नकाशा असेल तर तोही आणा. मोजणी झालेली नसेल तर हद्द कायम करण्याचा अर्ज भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही. जागा बघायला आम्ही शक्यतो धरण भरल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. चिखल असतो, गमबूट घाला.