लोड बॅलन्सरमधला ‘वेट’ नावाचा आकडा

लोड बॅलन्सर म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा मधला कारभारी. त्याची कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, उघडली की सर्व्हरच्या नावापुढे बऱ्याचदा एक छोटा आकडा दिसतो : वेट ५, वेट १, वेट १. पहिला सर्व्हर बाकीच्यांच्या पाचपट काम पेलेल, एवढाच त्याचा अर्थ. तो कुणी आणि कशाच्या जोरावर लिहिला, हे सहसा कुणालाच आठवत नसतं. मशीन बदलतं, त्यावरचं सॉफ्टवेअर बदलतं, आकडा जागेवरच. ट्रॅफिक वाटण्याच्या ज्या युक्त्या गेल्या तीसेक वर्षांत निघाल्या, त्यातल्या बऱ्याचशा या आकड्याशी भांडता भांडताच निघाल्या आहेत.

मुळातलं गणित वेबपेक्षा खूप जुनं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर एरलांगने १९०९ मध्ये कॉलच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये, अमुक लाइन असल्या तर किती कॉलना जागा मिळणार नाही, याचं सूत्र दिलं. त्यात सगळ्या लाइन सारख्या धरल्या होत्या. टेलिफोनला ते शोभतंच. एक तार दुसरीपेक्षा भरभर बोलत नाही.

वेबचा पहिला उपायही सगळे सारखेच आहेत असं धरून चालला. मोझॅक ब्राउझर जिथे तयार झाला, त्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्राची वेबसाइट एका मशीनला झेपेना. मग १९९४ च्या सुमारास तिथल्या लोकांनी एकाच नावामागे अनेक मशीनचे पत्ते ठेवले आणि डीएनएसला, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, ते आळीपाळीने द्यायला लावले. हाच तो राउंड रॉबिन. पण डीएनएसला समोरचं मशीन जिवंत आहे की बंद, हेही माहीत नसतं. शिवाय दिलेलं उत्तर मधले रिझॉल्व्हर, म्हणजे वापरणाऱ्यांच्या वतीने पत्ता विचारणारे सर्व्हर, कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतात, त्यामुळे एका पत्त्यावर एक माणूस जातो की हजारो, हे देणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. त्याच काळात स्टॅनफर्डमध्ये ‘एलबीनेम्ड’ नावाचा डीएनएस सर्व्हर लिहिला गेला. तो मशीनना ठरावीक अंतराने लोड विचारायचा आणि उत्तर कॅश होऊ नये म्हणून त्याची मुदत शून्य ठेवायचा. म्हणजे ‘क्षमता मोजून वाटा’ ही कल्पना १९९५ मध्येच हजर होती. ती आज नवी म्हणून विकली जाते, ते सोडून देऊ.

नंतर वाटप डीएनएसकडून सर्व्हरसमोर बसवलेल्या खास मशीनकडे आणि मग साध्या सॉफ्टवेअरकडे आलं. १९९८ मध्ये वेनसाँग झांग यांनी लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर हे वाटपाचं सॉफ्टवेअर सुरू केलं. त्यात डिफॉल्ट पद्धत ‘वेटेड लीस्ट कनेक्शन’ : प्रत्येक सर्व्हरवरची चालू कनेक्शन त्याच्या वेटने भागायची आणि ज्याचा भागाकार सर्वांत कमी, त्याला पुढचं कनेक्शन. हातानं लिहिलेल्या आकड्याला इथे चालू घडीची जोड मिळाली. नुसत्या वेटेड राउंड रॉबिनमध्ये दुसरीच गंमत होती. ५, १, १ असे वेट असले तर पाच रिक्वेस्ट सलग एकाच सर्व्हरवर आदळायच्या. एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरने यावर छान तोड काढली. दर फेरीला प्रत्येकाच्या खात्यात त्याचं वेट जमा करायचं, ज्याचं खातं सर्वांत मोठं त्याला रिक्वेस्ट द्यायची आणि त्याच्या खात्यातून एकूण वेट, म्हणजे ७, वजा करायचं. अ चं वेट ५ आणि ब, क यांचं १ असेल तर क्रम येतो : अ अ ब अ क अ अ. प्रमाण तेच राहतं, दणका मात्र विखुरतो.

लीस्ट कनेक्शनचेही सापळे आहेतच. नुकताच सुरू झालेला सर्व्हर रिकामा असतो, म्हणून सगळी गर्दी त्याच्यावर धावते. त्याची कॅश थंड असते, कोड पुरता तापलेला नसतो, आणि तो उभा राहतानाच बसतो. यासाठी एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सर सॉफ्टवेअरमध्ये ‘स्लो स्टार्ट’ आहे, वेट हळूहळू चढवत नेणारा. दुसरा सापळा जास्त खवचट. बिघडलेला सर्व्हर दर रिक्वेस्टला क्षणात एरर देऊन मोकळा होतो. त्याच्यावर कनेक्शन कधी साचतच नाहीत, म्हणून तोच सर्वांत कमी भाराचा ठरतो आणि जास्तीत जास्त ट्रॅफिक गिळतो.

मग सर्व्हरलाच विचारलं तर? एचएप्रॉक्सीच्या एजंट चेकमध्ये सर्व्हर ‘७५%’ एवढी ओळ पाठवून आपलं वेट कमी करून घेऊ शकतो. पण विचारणं आणि उत्तर वापरणं यात वेळ जातो. संगणकशास्त्रज्ञ मायकेल मिट्झेनमाखर यांनी १९९० च्या दशकात या शिळ्या माहितीचाच अभ्यास केला. सगळे वाटप करणारे एकच जुना तक्ता पाहून ‘सर्वांत मोकळा’ सर्व्हर निवडू लागले, तर सगळे मिळून त्यालाच बुडवतात. त्यापेक्षा कोणतेही दोन सर्व्हर चिठ्ठी टाकून उचलावेत आणि त्यांतला कमी भाराचा निवडावा. एकाऐवजी दोन पर्याय पाहिले की सर्वाधिक लादलेल्या सर्व्हरवरचा भार प्रचंड उतरतो, तिसऱ्याने त्यात फारशी भर पडत नाही, हे अझार, ब्रोडर, कार्लिन आणि उपफाल यांनी १९९४ मध्येच दाखवलं होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा निकाल हाच.

क्लाउड आल्यावर क्षमता हा शब्दच सैल झाला. एकाच प्रकारचे म्हणून घेतलेले दोन इन्स्टन्स (भाड्याची आभासी मशीन) वेगवेगळ्या पिढीच्या प्रोसेसरवर बसलेले असू शकतात. त्याच मशीनवरचा शेजारी कंटेनर, म्हणजे दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम, दहा मिनिटं जोरात चालला की आपल्या वाट्याचा मेमरी बँडविड्थ आणि कॅश तोच खातो. बर्स्ट क्रेडिटवरचा, म्हणजे साठवलेल्या सवलतीवर थोडा वेळ जोरात चालणारा, इन्स्टन्स क्रेडिट संपेपर्यंत तगडा, नंतर मरगळलेला. अशा ठिकाणी वेट ५ लिहिणं म्हणजे कालचं हवामान आज वाचून दाखवणं.

२०२४ मध्ये गूगलच्या चमूने ‘प्रीक्वल’ ही यूट्यूबसाठी वापरात असलेली पद्धत प्रसिद्ध केली. तिचा दावा असा की सीपीयूचा भार समसमान करणं हे उद्दिष्टच चुकीचं आहे. काही सर्व्हरवर सीपीयू जास्त लागला तरी चालेल, रांग लांबता कामा नये. वाटप करणारा मोजक्या सर्व्हरना छोटे प्रोब, म्हणजे चौकशीचे संदेश, पाठवतो. त्यात दोनच गोष्टी विचारतो : आत किती रिक्वेस्ट अडकल्या आहेत आणि उत्तराला अंदाजे किती वेळ लागतोय. आलेलं उत्तर मोजक्याच वेळा वापरलं जातं, मग फेकून दिलं जातं. आणि झटपट एरर देणाऱ्या त्या जुन्या लबाड सर्व्हरला ओळखून बाजूला ठेवण्याची सोय इथेही वेगळी करावीच लागली.