बॅटरी बदलण्याआधी लाल दिवा बघा

सांगोल्याजवळ माझ्या मामेभावाची डाळिंबाची बाग आहे. बागेच्या ओळींतून फिरणाऱ्या त्याच्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरला दीड वर्षात दुसरी बॅटरी घालावी लागली. पहिली अमावस्येला बसवली म्हणून टिकली नाही, असं शेजाऱ्यांचं म्हणणं. भावाचा मात्र चार्जिंगवर पूर्ण विश्वास. "डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा कधीच लागत नाही बघ." मी विचारलं, "किल्ली फिरवल्यावर, सेल्फ मारायच्या आधी तरी लागतो का?" "नाही की रे, तेव्हाबी नाही."

हा दिवा केवळ धोक्याची खूण आहे, असा समज घट्ट बसलाय. बऱ्याच ट्रॅक्टरांत त्याच्याकडे याहून मोठं काम असतं.

बॅटरी चार्ज करणाऱ्या ज्या यंत्राला आपण सवयीनं डायनामो म्हणतो, तो बहुतेक वेळा ऑल्टरनेटर असतो. चुंबक फिरला की शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उपजते, हे फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं. गंमत अशी, की ऑल्टरनेटरमधला फिरणारा चुंबक कायमचा नसतो. लोखंडावर गुंडाळलेल्या तारेतून वीज सोडली तरच तो चुंबक होतो. म्हणजे वीज तयार करायला आधी वीज हवी. ही पहिली वीज येते त्या दिव्यातून. दिव्याचं एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला आणि दुसरं ऑल्टरनेटरला जोडलेलं असतं. किल्ली फिरवली की बॅटरीतून निघालेली वीज दिवा पेटवत चुंबकाच्या वेटोळ्यात शिरते. ३ वॅटच्या बल्बमधून जेमतेम पाव अँपिअर जातो, पण सुरुवातीला तेवढा पुरतो. इंजिन फिरलं की ऑल्टरनेटर स्वतःची वीज तीन छोट्या डायोडांतून, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपांतून, त्याच वेटोळ्याला पुरवू लागतो आणि दिव्याच्या दोन्ही टोकांचा विजेचा दाब (व्होल्टेज) सारखा होतो. कालव्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना पाणी एका पातळीला आलं, की दार उघडं असूनही पाणी हलत नाही, तसंच हे. दिवा विझतो.

आता बल्बच उडाला असेल तर? लोखंडात थोडी चुंबकता उरलेली असते, तिच्या जोरावर वीज निघते. पण वाटेत दोन डायोड असतात आणि ते मिळून सव्वा-दीड व्होल्ट खातात. एवढा अडथळा ओलांडायला वेग लागतो. भावाचं कोडं इथं सुटलं. फवारणीच्या दिवशी इंजिन जोरात फिरायचं आणि चार्जिंग जागं व्हायचं. क्रेट वाहायच्या दिवशी हळू चालायचं, सारखं बंद-चालू व्हायचं, आणि बॅटरी नुसती उतरत जायची. अर्धवट उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात. अमावस्येचा यात काडीचाही संबंध नाही.

काही छोट्या ट्रॅक्टरांत कायमचे चुंबक असतात. तिथं दिवा फक्त बातमी देतो, उडाला तरी चार्जिंग अडत नाही.

एक साधा मीटर घ्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते. इंजिनाला थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ यायला हवेत. आकडा १२.६ वरून हललाच नाही, तर आधी ऑल्टरनेटर फिरवणारा पट्टा ढिला आहे का ते इंजिन बंद करून बघा. मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून मीटरची एक पिन ऑल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर मधला कुठला तरी जोड गंजलाय. तसंच इंजिनाचं लोखंड आणि बॅटरीचा मायनस यांच्यातही बघा, कारण अर्थची तार कुणी तपासत नाही.

चालू इंजिनात बॅटरीची तार काढून "बंद पडतंय का" बघायची खोड मात्र कृपा करून सोडा. तार सुटताच ऑल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि डायोड आणि व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर जळू शकतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असतो, तेव्हा बॅटरीतलं पाणी लवकर आटतं. ते डिस्टिल्डच घाला, बोअरचं क्षारांचं पाणी नको.

भावाच्या ट्रॅक्टरला त्याच वॅटचा नवा बल्ब बसवला. किल्ली फिरवली, दिवा लागला. सेल्फ मारला, विझला. मीटरवर १४.१.