दूरची फाइल, जवळचा एडिटर

दुसऱ्या यंत्रावरची फाइल बदलायची तर पूर्वी दोन मार्ग असत. तिथे लॉगिन करून तिथलाच एडिटर (मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्राम) चालवायचा आणि दाबलेले अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत वाट बघायची. नाहीतर एफटीपी या, यंत्रांमधल्या फाइल ने-आणीच्या नियमसंचाने (प्रोटोकॉलने) फाइल आणायची, बदलायची, परत पाठवायची. एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी एमआयटीत असताना 1971 मध्ये लिहिला. त्यानंतरही कितीतरी वर्षे ही ने-आण माणूसच करत होता, आणि नव्या प्रतीवर जुनी चढण्याचा धोका कायम होता.

1989 च्या सुमारास अँडी नॉर्मन यांनी ईमॅक्स या एडिटरसाठी अँज-एफटीपी लिहिले. यात नवी आज्ञा शिकायची नव्हती. वापरकर्ता आणि यंत्र फाइलच्या नावातच लिहायचे. तसे नाव आले की वाचणे, लिहिणे, यादी दाखवणे ही नेहमीची कामे गुपचूप एफटीपीकडे वळत. पुढे ईमॅक्सने ही युक्ती मुळातच सामावून घेतली: कोणत्या घडणीचे नाव कोणत्या हँडलरने (ते काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याने) सांभाळायचे, याची एक यादी ठेवली. बाकीच्या आज्ञांना फाइल कुठे आहे हे कळण्याची गरजच उरली नाही. या साऱ्या इतिहासातली सर्वात मोलाची कल्पना मला हीच वाटते, कारण खालचा प्रोटोकॉल बदलला तरी ती टिकली.

आणि तो बदलावा लागलाच. एफटीपी पासवर्ड उघडा पाठवते. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच लिहिले; ते दोन यंत्रांमधला संवाद कूटबद्ध करते. 1998 च्या अखेरीस काई ग्रोसयोहान यांनी ईमॅक्ससाठी सुरू केलेले काम पुढे ट्रॅम्प या नावाने ओळखले जाऊ लागले. ट्रॅम्प एसएसएचसारख्या मार्गाने पलीकडे शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) उघडते, साध्या आज्ञा देते आणि त्यांचे उत्तर वाचते. छोटी फाइल त्याच शेलमधून मजकुरात रूपांतर करून येते, मोठीसाठी एससीपी, म्हणजे एसएसएचवरून फाइल नेणारी आज्ञा. पलीकडे वेगळे काही बसवावे लागत नाही. मात्र कुणी शेलचा प्रॉम्प्ट (पुढची आज्ञा मागणारी खूण) फार सजवला, की उत्तर कुठे संपले हे ट्रॅम्पला ओळखता येत नाही आणि ते अडकून बसते. 2007 च्या ईमॅक्स 22.1 पासून ते ईमॅक्ससोबतच मिळते. विम या दुसऱ्या एडिटरमध्ये हे काम चार्ल्स कॅम्पबेल यांचे नेटआरडब्ल्यू करते: तात्पुरती प्रत आणायची, सेव्ह केली की परत पाठवायची.

एसएसएचवर चालणाऱ्या एसएसएचएफएसने हेच काम एडिटरच्या खाली, फाइलसिस्टीमच्या (फाइली ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) पातळीवर नेले. अख्खी डिरेक्टरी जोडता आली, कोणताही एडिटर चालू लागला. पण हजारो फाइलींत एक शब्द शोधायचा म्हटले की प्रत्येक फाइलसाठी नेटवर्कवर फेरी, आणि वेळ तिथेच जातो.

म्हणून 2019 मध्ये व्हीएस कोड या एडिटरच्या रिमोट एक्स्टेन्शन्सनी (जोडपुरवण्यांनी) दिशा उलटवली. फाइल इकडे आणण्याऐवजी एडिटरचा अर्धा भाग सर्व्हरवर धाडला. शोध आणि भाषेचे विश्लेषण तिथेच होते. मोठ्या प्रकल्पासाठी हे निःसंशय सुखाचे. पण राउटरसारख्या छोट्या यंत्रावर, किंवा काहीच बसवण्याची परवानगी नसलेल्या सर्व्हरवर तो मार्ग बंद होतो. तिथे ट्रॅम्पला आजही बहुतेक वेळा नुसते शेल पुरते.