कापूस तोच, कीड वेगळी: ऑर्किडवरचे पिठ्या ढेकूण आणि खवले

माझ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या सगळ्यात खालच्या पानाच्या बेचक्यात पांढरा पुंजका दिसला, तेव्हा मी क्षणभरही थांबले नाही. पिठ्या ढेकूण, दुसरं काय असणार! कापूसकाडी अल्कोहोलमध्ये बुडवली, पुंजका टिपून घेतला, वरून निमतेल फवारलं आणि दुसऱ्या कामाला लागले. दहा-बारा दिवसांनी पुंजका परत त्याच जागी. पुन्हा पुसला, पुन्हा आला. दोन महिने हा खेळ चालला आणि शेवटी ते पान पिवळं पडून गळालं. गळालेलं पान उलटं करून उजेडात धरलं, भिंग लावलं, तर मधल्या शिरेलगत फिकट पिवळसर, गोल, चपटे ठिपके दाटीवाटीनं बसलेले. ते मी आधीही पाहिले होते आणि पानावरचे डाग समजून सोडून दिले होते. आता एक ठिपका नखानं उचकटला. तो टिकलीसारखा सुटून आला आणि त्याच्याखाली एक इवलासा पिवळा जीव तसाच पानाला चिकटून राहिला.

तो कापूस होता खवले किडीच्या नरांचा. माद्या बोटभर अंतरावर, आपापल्या झाकणाखाली, निवांत रस पीत होत्या. मी दोन महिने नुसते नर टिपत बसले होते.

ही कीड म्हणजे डायास्पिस बॉइसडुवाली. बॉइसडुवाल (1799–1879) या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या नावावरून हे नाव पडलं. ऑर्किड पाळणारे तिला बॉइसडुवाल स्केल म्हणतात आणि फार प्रेमानं म्हणत नाहीत. तिच्या मादीचं कवच गोल, चपटं, जेमतेम एक ते दोन मिलिमीटरचं असतं. नराचं कवच मात्र लांबट आणि पांढरं, त्यावर तीन उभ्या कडा, आणि असे कितीतरी नर एकाच ठिकाणी मेणाच्या तंतूंत लपेटून बसतात. हातभर अंतरावरून पाहिलं तर पिठ्या ढेकणात आणि त्यांच्यात काडीचा फरक दिसत नाही.

तशा दोन्ही किडी एकाच भावकीतल्या. लाख देणारा किडासुद्धा त्याच गोतावळ्यातला. सगळ्यांची रीत एकच: सुईसारखी सोंड झाडात खुपसायची, रस ओढायचा आणि अंगावर मेणाचं काहीतरी पांघरूण घ्यायचं. या पांघरुणाची तऱ्हा मात्र वेगवेगळी आहे, आणि उपाय लागू पडतो की वाया जातो हे बरंचसं तिच्यावरच ठरतं.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाची भुकटी असते, पिठात लोळून आल्यासारखी. खालचं शरीर मऊ, लंबगोल, आडव्या वळ्यांचं, कडेनं मेणाचे बारीक दोरे. पाय शेवटपर्यंत शाबूत असतात, त्यामुळे तो चालतो. अगदी सावकाश, पण चालतो. एका पानावरून दुसऱ्यावर, कुंडीच्या काठावरून शेजारच्या कुंडीत. लिंबूवर्गीय झाडांवर प्रसिद्ध असलेला पिठ्या ढेकूण ऑर्किडवरही येतो. त्याची मादी कापसाच्या पिशवीत काही शे अंडी घालते. लांब शेपटीवाला पिठ्या ढेकूण तर पिशवीच्या भानगडीत न पडता जिवंत पिल्लंच घालतो.

खवले किडीच्या बाबतीत पहिली गफलत अशी की ती एकच कीड आहे असं आपण धरून चालतो. घरातल्या झाडांवर तिचे दोन प्रकार भेटतात. मऊ खवल्यांत, उदाहरणार्थ तपकिरी मऊ खवल्यात, पाठीवरचं आवरण हे किड्याचं स्वतःचं अंगच असतं. कवचवाल्या खवल्यांत, म्हणजे माझ्या बॉइसडुवालसारख्यांत, कवच अंगापासून वेगळं असतं. मेण आणि जुन्या काती एकत्र करून किडा ते बांधतो आणि त्याखाली राहतो. मादी एकदा जागा धरून बसली की पाय गमावते, मग मरेपर्यंत तिथून हलत नाही. हिंडतात ती फक्त नुकती जन्मलेली पिल्लं, तीही थोडेच दिवस. नुसत्या डोळ्यांना ती धुळीच्या कणाएवढी दिसतात. कण सरकला तर समजायचं.

ओळखायला मी आता एक टूथपिक वापरते. कीड वाटेल त्या गोष्टीला टोकानं हळूच ढोसायचं. पिठ्या ढेकूण असेल तर तो पाय हलवत बाजूला सरकतो, आणि चिरडला तर पिवळसर किंवा नारिंगी पाणी निघतं. मऊ खवला अख्खाच्या अख्खा उलटतो, पोटाकडची बाजू ओलसर असते, पानावर मागे काही उरत नाही. कवचवाल्याचं झाकण तेवढं निघतं आणि किडा खालीच राहतो. आणि कशानंच काही सुटलं नाही, तर तो पानाचाच जुना डाग आहे, उगाच खरवडू नका. नवख्यांना मुळांवरचाही पांढरेपणा घाबरवतो. ऑर्किडच्या हवेतल्या मुळांवर स्पंजासारखा थर असतो, कोरडा असताना चंदेरी दिसतो. पाण्याचा शिपका मारला आणि मूळ हिरवं झालं, तर तिथं कीड नाही.

दुसरी खूण चिकटपणाची. पिठ्या ढेकूण आणि मऊ खवले झाडाच्या अन्नवाहिनीतून रस ओढतात. त्या रसात साखर भरपूर आणि कामाची प्रथिनं जेमतेम, म्हणून पोट भरायला भलताच रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर मागून गोड थेंब होऊन बाहेर पडते. खालची पानं चिकट होतात, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते आणि मुंग्या येतात. मुंग्या नुसत्या चाटून जात नाहीत; या किडीच्या शत्रूंना त्या हाकलून लावतात. कुंडीकडे मुंग्यांची रांग लागली असेल तर रांगेच्या शेवटी काय आहे ते बघाच. कवचवाले खवले मात्र अन्नवाहिनीच्या वाटेला जात नाहीत. ते पानातल्या पेशींत सोंड घालून त्या रिकाम्या करतात. त्यामुळे चिकटपणा नाही, मुंग्या नाहीत, काजळी नाही. फक्त जिथे किडा बसला तिथे पिवळा ठिपका पडत जातो. माझ्या झाडावर मुंगी फिरकली नव्हती. तेवढ्यावरूनही मला शंका यायला हवी होती.

चिकट थेंबांबद्दल आणखी एक गोष्ट, कारण तिच्यापायी बऱ्याच निरोगी झाडांना औषधाची आंघोळ घडते. ऑर्किड स्वतःसुद्धा मध गाळतं. फुलांच्या दांड्यावर, कळीच्या देठापाशी, काचेसारखे स्वच्छ, गोड थेंब लटकलेले असतात. आसपास कीड नसेल तर ते झाडाचंच देणं आहे, ओल्या फडक्यानं पुसा आणि विसरा. किडीचा गोडवा बहुधा वरून सांडलेला असतो, खालच्या पानाच्या वरच्या अंगावर, बारीक शिंतोड्यांसारखा.

आता उपाय. पिठ्या ढेकणावर 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगलं चालतं. मेणाची भुकटी विरघळते आणि मऊ अंग सुकतं. 90 टक्क्यांच्या वरचं घेऊन फायदा नाही. ते काम व्हायच्या आत उडून जातं आणि कोवळ्या पानाला चटका देण्याची भीती जास्त. कापूसकाडीनं एकेक टिपायचं आणि फुलांना, कळ्यांना लावायचं नाही. पण हीच कापूसकाडी कवचवाल्या खवल्यावरून फिरवली तर अल्कोहोल छपरावरून वाहून जातं. तिथं आधी झाकण उडवावं लागतं. दात घासायचा मऊ जुना ब्रश, साबणाचं कोमट पाणी, आणि शिरेच्या दिशेनं हलक्या हातानं घासणं. कंटाळवाणं काम आहे. एका मध्यम फॅलेनॉप्सिसला मला अर्धा तास लागला, आणि त्यातली पंधरा मिनिटं पानांच्या बुडाशी असलेल्या चिंचोळ्या फटींतच गेली. घासून झाल्यावर मग अल्कोहोल किंवा तेल.

तेल दोघांनाही लागू पडतं, कारण ते विषापेक्षा किड्याचा श्वास कोंडण्याचं काम जास्त करतं. निमतेल लिटरभर पाण्याला 5 मिलिलिटर, त्यात द्रवरूप साबणाचे चार-पाच थेंब. साबण टाकला नाही तर तेल वर तरंगत राहतं आणि फवाऱ्यातून आधी नुसतं पाणी, मग नुसतं तेल येतं. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा. फवारा संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूनं. तेल लागलेल्या पानावर ऊन पडलं की पान भाजतं. फॅलेनॉप्सिसच्या माथ्याशी, जिथून नवं पान निघतं तिथं, पाणी साचलं तर टिश्यूनं टिपून घ्या. किडीतून वाचलेलं झाड माथा कुजून गेलं तर त्याहून वाईट काही वाटत नाही.

एका फवाऱ्यानं काही भागत नाही. अंडी वाचतात, आणि कवचाखालची मादी जिवंत राहिली तर तिच्या पोटाखालून पिल्लं निघतच राहतात. दर 7 ते 10 दिवसांनी, निदान तीन-चार वेळा तरी फवारा हवा. पिठ्या ढेकणात दर वेळी सगळी कीडच समोर असते. खवल्यांत आपली खरी संधी म्हणजे पिल्लं हिंडत असतात तो काळ. तो कळावा म्हणून फुलदांड्याला किंवा देठाला दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या पारदर्शक टेपचा एक वेढा द्यावा आणि दोन-तीन दिवसांनी भिंगातून बघावा. पिवळे बारीक कण चिकटलेले दिसले की फवाऱ्याची वेळ झाली.

हे सगळं सोडून मुळाशी औषध ओतायचा मोह होतो, मला झालाच. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात भिनतात आणि रस पिणारा मरतो. पिठ्या ढेकणावर आणि मऊ खवल्यावर ती चालतात. पण कवचवाला खवला अन्नवाहिनीतून पीतच नाही म्हटल्यावर त्याच्या वाट्याला औषध फारसं येत नाही. कोणती कीड आहे हे न बघता बाटली उघडणं म्हणूनच मला आता मूर्खपणा वाटतो. शिवाय हे घरातलं झाड आहे. ज्या औषधाच्या वेष्टनावर घरातल्या शोभेच्या झाडांचा उल्लेख नाही, ते घरात फवारू नये.

लपायच्या जागा दोघांच्या बऱ्याच सारख्या आहेत. फुलदांड्याच्या प्रत्येक पेऱ्यावर एक त्रिकोणी खपली असते, तिच्याखाली. कॅटलिया या दुसऱ्या एका ऑर्किडच्या फुगीर खोडांवर वाळलेला कागदी पापुद्रा असतो, त्याच्या आत. खवल्यांची ही अत्यंत आवडती जागा, पापुद्रे सोलून टाकल्याशिवाय तिथं काहीही पोहोचत नाही. कुंडीच्या आतला भाग मात्र पिठ्या ढेकणांचाच. त्यांची एक जात मुळांवरच राहते आणि वर काहीच दिसत नाही, झाड नुसतं मलूल होत जातं. झाड उपसल्यावर कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी भुकटी लागलेली असेल तर सालीचे तुकडे, मॉस, सगळं फेकून द्या, मुळं धुवा आणि नव्या माध्यमात लावा. जुनी साल दुसऱ्या कुंडीत वापरायची काटकसर करू नका.

पांढरा कापूस दिसला म्हणून मारायचा नसतो, असाही एक प्राणी आहे. क्रिप्टोलीमस नावाचा भुंगेरा, चित्रांगी ढालकिड्यांच्या कुळातला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1891 मध्ये आल्बर्ट कोबेल यांनी तो कॅलिफोर्नियात नेला, तो पिठ्या ढेकूण खातो म्हणून. त्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे झुपके घेऊन हिंडते आणि दिसते थेट पिठ्या ढेकणासारखी, फक्त बरीच मोठी आणि चपळ. काचघरात तो उपयोगी पडतो. खिडकीतल्या चार कुंड्यांसाठी तो आणण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी तावदानावर बसलेला सापडेल. पण झाड बाहेर ठेवत असाल आणि एखादा दांडगा पिठ्या ढेकूण भराभर पळताना दिसला, तर हात आवरा.

आणि झाड बरं झालं हे कसं समजायचं? पिठ्या ढेकणात सोपं आहे: तीन-चार आठवडे पांढरं काही दिसलं नाही की बहुधा सुटलो. खवले मेले तरी कवचं पानाला महिनोन् महिने चिकटून राहतात, पिवळे ठिपके तर पान असेपर्यंत जात नाहीत. मी दर रविवारी तीन-चार कवचं वेगवेगळ्या पानांवरून नखानं उडवते. खाली कोरडा भुसा निघाला तर ठीक. ओलं पिवळं काही निघालं की ब्रश परत साबणाच्या पाण्यात.