गेर

गेर : मंगोलियातील भटक्या पशुपालकांचे गोल, घडीचे, नमद्याने (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाने) मढविलेले घर. मंगोल भाषेत ‘गेर’ म्हणजे नुसते घर. ‘लग्न करणे’ या अर्थाचे ‘गेर्लेख’ हे क्रियापदही त्यावरूनच आले आहे. बाहेर रूढ झालेला ‘यर्ट’ हा शब्द तुर्की कुळातील ‘युर्त’वरून रशियनमार्गे युरोपीय भाषांत गेला. त्याचा मूळ अर्थ वस्तीची जागा किंवा मुलूख असा आहे. किरगीझ लोक अशा घराला ‘बोझ उय’ (करडे घर) म्हणतात. गेरला तंबू म्हणण्याची सवय सोयीची असली, तरी काटेकोर नव्हे. तंबूचे कापड ताणावर उभे राहते. गेरचा लाकडी सांगाडा आपल्या पायांवर उभा असतो आणि नमदा त्यावर पांघरलेला असतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. नमदा स्वतः फार जुना : अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील गोठलेल्या थडग्यांत (इ. स. पू. सुमारे पाचवे ते तिसरे शतक) तो उत्तम स्थितीत मिळाला आहे. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसनेही शकांच्या नमद्याच्या आडोशांचा उल्लेख केला आहे. मात्र नमदा सापडला म्हणजे गेर सापडले, असे होत नाही. प्रश्न आहे तो मिटणाऱ्या जाळीच्या भिंतीचा. रशियन मानववंशशास्त्रज्ञ वाइनश्टाइन यांच्या मते आधी सुटी न करता येणारी अर्धगोल झोपडी होती आणि पहिल्या सहस्रकाच्या मध्यास, प्राचीन तुर्कांच्या काळात, तिच्यातून जाळीचे घर उत्क्रांत झाले. मंगोलियातील अभ्यासकांत हा उगम हूणपूर्व (म्हणजे ख्रिस्तपूर्व) काळापर्यंत मागे नेण्याकडे कल दिसतो; त्याला जाळीचा प्रत्यक्ष पुरावा अपुरा आहे. तुर्ककालीन उगमाचे मत अधिक संभाव्य वाटते. तांग काळातील चिनी कवी बाय जूयी (772–846) याने आपल्या अंगणात नमद्याचे घर उभारले होते, म्हणजे नवव्या शतकापर्यंत ते चीनमध्येही परिचित झालेले होते. तेराव्या शतकात दोन्ही प्रकार शेजारी नांदत होते. मंगोलांकडे गेलेला पोपचा दूत कार्पिनी (प्रवास 1245–47) स्पष्ट सांगतो की, काही घरे चटकन सुटी करून जनावरांवर लादता येत, तर काही न मोडता गाड्यांवरून न्यावी लागत. त्याच्यानंतर गेलेला ख्रिस्ती धर्मोपदेशक रुब्रुक (1253–55) याने अशा एका गाडीच्या दोन चाकोऱ्यांमधील अंतर मोजले, ते 20 फूट भरले. तिला 22 बैल जुंपलेले होते.

रचना : भिंत ‘खाना’ नावाच्या जाळीच्या पाखांची असते. तिरप्या काड्या कच्च्या कातड्याच्या वादीने सांध्यांवर अडकवल्यामुळे पाखे घडीच्या फाटकासारखे मिटतात. घराचा आकार पाख्यांच्या संख्येवरून सांगतात. पाच पाख्यांचे घर सर्वसाधारण. माथ्यावर ‘तोनो’ हे लाकडी चक्र, त्यापासून भिंतीपर्यंत ‘उनी’ या दांड्या. तुर्की घरांत दांड्या खाली वाकवलेल्या असतात आणि चक्राला खांब लागत नाहीत. मंगोल दांड्या सरळ व चक्र जड, म्हणून त्याखाली दोन ‘बगाना’ (खांब) देतात. छताचा भार भिंतीला बाहेर ढकलतो. तो जोर भिंतीभोवती आवळलेले दोर पेलतात, त्यामुळे पाया खणावा लागत नाही. चक्रापासून एक दोर आत लोंबतो. वादळात त्याला जड वस्तू बांधतात किंवा घरातली माणसे तो धरून ठेवतात.

नमदा विणत नाहीत. आपल्याकडील घोंगडी आणि नमदा यांत हाच मूळ फरक. लोकर काठ्यांनी झोडपून जुन्या नमद्यावर (त्याला ‘आई’ म्हणतात) थरांनी पसरतात, पाणी शिंपडून गुंडाळी करतात आणि ती घोड्यामागे माळावर फरफटत नेतात. उन्हाळ्यात एक थर पुरतो, हिवाळ्यात दोन-तीन.

दार दक्षिणेला. आत शिरल्यावर डावीकडची पश्चिम बाजू पुरुषांची व पाहुण्यांची, उजवीकडची स्त्रियांची व स्वयंपाकाची. दारासमोरचा ‘खोईमोर’ हा मानाचा भाग, तेथे देव्हारा असतो. मधोमध चूल, तिच्यात वाळलेले शेण जाळतात आणि केर टाकत नाहीत.

प्रवाशाने दार वाजवायचे नसते. लांबूनच ‘नोखोई खोर’ (कुत्रा आवरा) अशी हाक देतात, घरी कुत्रा नसला तरी. उंबऱ्यावर पाय देत नाहीत व दोन खांबांमधून जात नाहीत. पाहुणा बसताच मीठ घातलेला दुधाचा चहा येतो. वाडगा दोन्ही हातांनी, किंवा डाव्या हाताने उजवे कोपर सावरून घेतात. सोबत ‘आरूल’, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे तुकडे. ते चावण्यापेक्षा गालात धरणे श्रेयस्कर. उन्हाळ्यात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा ‘ऐराग’ फिरतो. तो पूर्ण प्यायलाच पाहिजे असे नाही. ओठ लावून वाडगा परत केला तरी चालते.

गेर बांधण्याच्या कारागिरीचा 2013 मध्ये यूनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. आता बिऱ्हाड उंटांऐवजी बहुधा ट्रकवर लादले जाते आणि दाराशेजारी सौर विजेचा पत्रा दिसतो. पर्यटकांसाठीच्या छावण्यांतील खाटा घातलेली गेर स्थलांतर करीत नाहीत. राजधानी उलानबातरच्या टेकड्यांवरही मोठी गेरवस्ती आहे. झुड नावाच्या कडक हिवाळ्यांत जनावरे गमावलेली अनेक कुटुंबे तेथे स्थिरावली. उत्तरेकडील रेनडियर पाळणारे त्साआतान लोक मात्र गेरमध्ये राहत नाहीत. त्यांचे ‘उर्त्स’ हे शंकूच्या आकाराचे वेगळे निवासस्थान आहे.